खानदानाचं रगत

आत्याच्या घरी मी सून म्हणून जायची, हे माझ्या बारशाच्या दिवशीच ठरलं होतं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कारण मी पाळण्यात होते. पुढे बोलता यायला लागलं, शाळा झाली, परभणीला कॉलेजात गेले, तरीही कुणी विचारलं नाही, याला मात्र काही कारण नव्हतं. आमच्याकडे मुलाचा मामाच्या पोरीवर हक्क असतो. आत्याला दोन मुलगे आणि आम्ही दोघी बहिणी. थोरल्याला अक्का आणि धाकट्याला मी. आत्या पालमच्या पुढच्या आमच्या गावी यायची तेव्हा उंबऱ्यातूनच आईला म्हणायची, "माझी अमानत नीट सांभाळा गं." मी तिची ठेवायला दिलेली वस्तू. वस्तू रागावते हे तिला ठाऊक नव्हतं.

आत्या विधवा होती, पण तिच्या गावात तिच्यापुढे कुणाची मान वर व्हायची नाही. पेडगावकडे तिची मोठी जमीन. शेत ती स्वतः बघायची, गड्यांना शिव्या द्यायची, सोसायटीच्या निवडणुकीत कोण उभं राहायचं हेही तीच ठरवायची. लहानपणी मला तिचा अभिमान वाटे. अक्काचं लग्न झालं आणि तो ओसरला. लग्नाआधी अक्का तिला "आत्या, तू" म्हणायची. अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून "आत्याबाई, तुमी" सुरू झालं. मी शेवटपर्यंत तूच म्हणत राहिले.

अक्काला मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत, सगळ्यांच्या कडेवर जाणारा. वर्ष भरायच्या आतच तो पांढरा पडायला लागला. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे. दिवाळीला मी अक्काकडे गेले आणि त्याचं झबलं बदलायला घेतलं, तर पोटाच्या डाव्या बाजूला काळेनिळे डाग, एकाखाली एक. बिब्ब्याचे चटके होते ते. एक तर अजून ओला होता.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

अक्का चुलीकडे बघत राहिली. आत्याच बोलली, "त्याच्या पोटात डाव्या अंगाला पानथरी वाढलीय. चटक्याबिगर बसत न्हाई ती. तुझ्या बापालाबी लहानपणी दिले होते."

"दवाखान्यात न्यायचं सोडून?"

"दवाखान्यात काय करत्यात? ह्या घरात असलं दुखणं कवाच नव्हतं. हिच्या माहेराहून आलंय."

हिचं म्हणजे अक्काचं. मी आत्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. "आत्या, अक्काचं माहेर म्हणजे तुझंच माहेर की गं! तू माझ्या बापाची सख्खी बहीण. त्या घरात काही असलं तर तुझ्यातबी असंल."

आत्याला राग आला नाही, उलट माझी कीव आली. "बाईचं माहेर अक्षता पडल्या की सुटतंय, पोरी. गोत्र बदलतंय, देव बदलत्यात, रगतबी बदलतंय. मी ह्या घरची हाय. माझं रगत ह्या घरचं."

"मग अक्काच्या डोक्यावर काय मुरमुरे टाकले होते? तिचं रगत कामून न्हाई बदललं?"

"जीभ लय चालायलीय तुझी. धाकट्याचं कसं व्हायचं," आत्या म्हणाली आणि विषय संपला. तिच्या घरात विषय असेच संपत. अक्काने लेकराला पदराखाली घेतलं आणि मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. मला त्या डोळ्यांचाही राग आला. लेकराला चटके बसत होते आणि ही मूग गिळून बसली होती.

पौषात लेकराला ताप आला आणि त्याने मान टाकली. तेव्हा कुठे दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, त्याला जीपमध्ये घालून परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आले. मी हॉस्टेलवरून धावत गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लेकराची खालची पापणी ओढून बघितली, पोट चाचपलं आणि चटक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही. आधी रक्त चढवू, तपास नंतर. तो तपास इथे होत नाही."

त्यांनी मला आणि दाजींना बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. हा आजार कमी खाल्ल्याने होत नाही, पालकाच्या भाजीने जात नाही. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं, तिथेच ते चुकीचं तयार होतंय. ती चूक जन्माची असते. आई आणि बाप दोघांकडून आली तरच लेकरू असं आजारी पडतं, एकाकडूनच आली तर माणूस धडधाकट दिसतो. म्हणून आधी आईबापाचं रक्त तपासून घ्या. लेकराचं आता लगेच तपासू नका, कारण त्याच्या अंगात दुसऱ्याचं रक्त फिरत असणार. तीन महिने थांबावं लागेल. इतकं सोपं करून सांगितलं होतं त्यांनी. दाजी मान हलवत होते, आणि ते मान हलवतात तेव्हा कान बंद असतात हे मला अजून कळायचं होतं.

रक्त द्यायला माणूस हवा होता. अक्काचं आणि माझं जुळलं नाही, दाजींचंही नाही. भावकीतले चौघे आले होते, ते चहा प्यायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. रक्त दिलं की नांगर धरायची ताकद जाते म्हणे. राहिला धाकटा, माझा ठरलेला नवरा. विद्यापीठाच्या नामांतराविरुद्ध रस्त्यावर बसणाऱ्यांत हा पुढे असायचा. एसटी अडवायची, टायर जाळायचे, रक्त सांडू पण नाव बदलू देणार नाही, असं घसा फाटेस्तोवर ओरडायचं. त्या रक्तातलं एक बाटलीभर सख्ख्या पुतण्याला दे म्हटलं, तर म्हणाला, "सुई बघितली की मला चक्कर येती." आणि खरोखर बाकावर आडवा झाला. नर्स त्याला कांदा हुंगवत होती, आणि मला त्याच कांद्याने त्याला बडवावंसं वाटत होतं.

माझी हॉस्टेलमधली मैत्रीण अक्कासाठी डबा घेऊन आली होती. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहत होतो; तिचं घर परभणीतच, पण घरात अभ्यासाला जागा नव्हती म्हणून ती हॉस्टेलवर. ती बौद्ध. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्यांच्या गावातलं घर जळालं आणि ते लोक परभणीला आले, तेव्हा ती लहान होती. हे तिने मला एकदाच सांगितलं आणि लगेच "आमटीत मीठ कमी हाय" म्हणाली. अंगाने दांडगी, आवाज मोठा, कुणाचं ऐकून न घेणारी. डबा खाली ठेवून ती म्हणाली, "माझं बघा जुळतंय का. पण आधी तुझ्या आत्याला इचार, चालंल का म्हणून."

आत्या मारुतीला नारळ फोडायला गेली होती. तिला विचारायला कुणीच गेलं नाही.

रक्त जुळलं. अक्का हात जोडायला लागली, तर ती म्हणाली, "हात जोडू नका अक्का, चहा पाजा." ते रक्त दोन दिवस थोडं थोडं करून लेकराच्या अंगात गेलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याचे ओठ लाल झाले होते. त्याने माझी वेणी ओढली आणि हसला. अक्का इतकी रडली की नर्सने तिला बाहेर काढलं.

आता पुढचं ऐका. आत्याने लेकरू घरी नेलं ते सरळ नेलं नाही. वाटेत तिच्या ओळखीच्या एका खाजगी डॉक्टरकडे थांबली, मोठी पाटी, मोठा कंपाउंडर. तिला रक्ताचा तपास हवा होता. अक्का भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, त्या बाई आमचं दोघांचं तपासा म्हणल्यात." आत्या म्हणाली, "आजारी लेकरू हाय. आईबापाला काय धाड भरलीय?" डॉक्टरने, रक्त कधी चढवलं होतं का, एवढा एक प्रश्न विचारला नाही. लेकराचं रक्त औरंगाबादला गेलं आणि कागद आला. सगळं नॉर्मल.

आत्याने गावभर साखर वाटली. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कागद दाखवी. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते तिने कंपाउंडरकडून शिकून घेतलं होतं. "आमच्या खानदानाचं रगत हाय. खोट निघंल कशी? औरंगाबादच्या मशीननं सांगितलंय." मग त्याच दमात माझ्या साखरपुड्याची तारीख धरली.

मी गावी जाऊन वडिलांपुढे उभी राहिले. म्हटलं, लग्न करते, पण आधी माझं आणि त्याचं रक्त तपासा. आमच्या दोघांत ती चूक असली तर माझ्याही पोटी तसंच लेकरू येईल. वडील सुपारी कातरत होते. ते मायाळू माणूस, पण बहिणीपुढे त्यांचा आवाज निघत नसे. म्हणाले, "कागद आलाय की. उगं असलं तर आन् तसलं तर. आत्याबाईला मिशा असत्या तर काकाच म्हणलं असतं तिला."

"आमच्या आत्याला मिशा तेवढ्या नाहीत," मी म्हणाले. आई पदरात हसली. वडील हसले नाहीत.

परभणीला परतल्यावर मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. कागदावर काय आलं ते सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, चढवल्यावर आठवडाही झाला नव्हता! त्या नळीत तुमच्या बाळाचं रक्त होतंच किती? ज्याने रक्त दिलं त्याचंच तपासलं त्यांनी. तो देणारा निरोगी आहे, एवढंच ह्या कागदावरून कळतं."

मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. आधी हसू आलं, मग अंगाचा असा तिळपापड झाला की उठता येईना. आत्याने गावभर जी साखर वाटली, ओसरीवर बसून ज्या रक्ताचा टेंभा मिरवला, ते तिच्या खानदानाचं नव्हतंच. ते माझ्या मैत्रिणीचं होतं.

खोलीवर येऊन तिला सांगितलं. ती पोट धरून हसली. "म्हंजे मी तुमच्या खानदानाची निघाले की! आता जमिनीत वाटा मागते." हसता हसता तिने एकदम तोंड फिरवलं. मग म्हणाली, "आमच्या घराला काडी लावली, तवा आमचं रगत कसलं हाय ते कुणी तपासलं नव्हतं."

साखरपुड्याला आमच्या दारात मांडव पडला. पाहुणे बसले, भटजी आले, धाकटा फेटा बांधून मिशांना पीळ देत बसला. आत्या हिरवं लुगडं घेऊन मला पाटावर बसवायला आली. लेकरू तिच्या कडेवर होतं. इतके दिवस झाले होते, चढवलेलं रक्त सरत आलं होतं, त्याचा चेहरा पुन्हा मेणासारखा दिसत होता. आणि लोक त्याच लेकरासमोर म्हणत होते, घराण्याचं रक्त चोख आहे, कागद आलाय.

मी पाटावर बसले नाही. उभ्यानेच बोलले. आवाज चढलेला होता, पण एक शब्द अडखळला नाही. तो कागद खोटा नाही, पण तो ह्या लेकराचा नाही. तपासलं गेलं ते माझ्या मैत्रिणीचं रक्त. लेकरू आजारी आहे आणि आजारीच राहणार. त्याची चूक आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आली आहे. आई माझी सख्खी बहीण आणि बाप ह्या धाकट्याचा सख्खा भाऊ. आमचं दोघांचं तपासल्याशिवाय मी हे लुगडं अंगाला लावणार नाही.

मला वाटलं, आता आत्या विचारेल, मग माझ्या नातवाचं काय होणार? एखादी आजी दुसरं काय विचारेल?

आत्याने विचारलं, "मैत्रीण कोणाची?"

"कोणाची म्हणजे?"

"कोणत्या लोकांची?"

मी सांगितलं. आत्याने लेकराला अंगापासून दूर धरलं. जसं काही त्याने तिच्या लुगड्यावर घाण केली होती. त्याला काय कळणार! तो तिच्या गळ्यातल्या पुतळ्यांना हात घालत होता आणि ती मान मागे ओढत होती. धाकटा उठून म्हणाला, "आमच्या घरात हे चालायचं न्हाई." कुणीतरी, लेकराला गंगेवर न्या, म्हणालं. आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी. माघाच्या थंडीत त्या रक्त नसलेल्या लेकराला गंगाखेडला नेऊन बुडवून काढायचं, म्हणजे आतलं रक्त धुऊन निघेल! आणि आत्या खरंच जीप काढायला सांगत होती.

तेव्हा अक्का उठली. तोवर ती बायकांत खाली मान घालून बसली होती. ती सरळ चालत आली, आत्याच्या हातातून लेकरू घेतलं आणि म्हणाली, "आत्या, तू जा गंगेला. तूच बुडून ये."

तू म्हणाली. त्या "तू"नेच मांडव जास्त हादरला. मग ती लेकराला घेऊन पायात चप्पल न घालता पालमच्या रस्त्याला लागली. मी तिच्या मागे. आईने घरातून शाल आणून माझ्या हातात कोंबली आणि वडिलांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जावा. मागं बगू नका." एसटी येईपर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो, आणि साखरपुड्याचे लोक जीपमधून आमच्याकडे बघत गेले.

अक्का परभणीलाच राहिली. मी शाळेत नोकरीला लागले, दोघींनी एक खोली घेतली. लेकराला दर महिन्याला रक्त लागायचं. कधी मैत्रीण द्यायची, कधी तिचा भाऊ, कधी कॉलेजातली पोरं. दाजी मोटारीचा पंप दुरुस्तीला आणलाय असं आईला सांगून यायचे आणि लेकराजवळ बसायचे. एकदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना पंपासकट पकडलं आणि दोघा नवराबायकोचं रक्त मुंबईला पाठवलं. त्यांचे तिथले गुरुजी तेव्हा नुकतेच रक्तातल्या जनुकांची तपासणी करू लागले होते. नेमकी चूक कुठे झाली आहे, ते त्यांना शोधता यायचं.

उत्तर यायला बरेच महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी ते आम्हाला मराठीत समजावलं. म्हणाल्या, रक्त कसं बनवायचं हे शरीरात लिहून ठेवलेलं असतं. पोथीत एखादं अक्षर चुकावं तसं त्यात एक अक्षर चुकलं आहे. दोघांतही तीच जागा, तेच अक्षर. वेगवेगळ्या घराण्यांतून आलेल्या दोन चुका असत्या तर बहुधा वेगवेगळ्या जागी असत्या. ही एकाच पूर्वजाकडून खाली आलेली दिसते. माझ्या वडिलांकडून अक्काला आणि आत्याकडून दाजींना.

म्हणजे अक्षता पडून आत्याच्या रक्तातलं एक अक्षरसुद्धा बदललं नव्हतं. माझंही तपासलं. माझ्यातही तेच चुकलेलं अक्षर निघालं. मी घाबरले नाही, मला फक्त राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. त्या चुकलेल्या अक्षराचा काही दोष नव्हता. ते बिचारं आपलं पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत आलं होतं. त्याला पुन्हा पुन्हा त्याच घरात नेऊन, त्याची त्याच्याशीच गाठ घालून देणारे आम्ही होतो, आणि वर त्याला हक्क म्हणत होतो.

धाकट्याने तपासायला रक्त दिलं नाहीच. आत्याने त्याच्यासाठी माझ्या चुलत्याकडे शब्द टाकला. चुलत्याची पोर माझ्याहून लहान, बारावी नापास, गरीब गाय. मी चुलत्याच्या घरी जाऊन घसा कोरडा केला. काका, आत्या तुमचीबी बहीणच हाय, तेच अक्षर तुमच्यातबी असंल, निदान पोरीचं तरी तपासा. चुलता म्हणाला, "तू तुझा संसार मांडला न्हाई, आता हिचा मोडायला आलीस?" पोर दाराआडून ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही. वैशाखात लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. मैत्रिणीच्या वस्तीत पेढे वाटले, ढोल वाजले. दुसरीकडे बंद, दगडफेक, एसटी बंद. अशाच बंदच्या एका दुपारी दारापुढे जीप थांबली आणि आत्या उतरली. तिच्या मागे चुलत बहीण. तिच्या पदराखाली वर्षाच्या आतलं लेकरू. पदर बाजूला होताच मी ओळखलं. तोच रंग, तेच पोट.

अक्का दारातून बाजूला झाली. तिचं पोरगं आत पाटीवर अक्षरं गिरवत होतं. आत्याने त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मग मला म्हणाली, "तुझी ती मैत्रीण कुठंय?"

"कोणती?"

"ती... जिचं रगत चांगलं निघालं होतं ती."

आजवर मला आत्याचा पुष्कळदा राग आला होता, पण असा कधी आला नव्हता. मला तिला ढकलून द्यायचं होतं. जीप माघारी हाकलायची होती. ह्याच तोंडाने तिने, कोणत्या लोकांची, विचारलं होतं. पण चुलत बहिणीच्या हातात लेकराची मान एका बाजूला कलली होती, आणि त्या पोरीला तर कुणी काहीच विचारलं नव्हतं, कधीच. मी मैत्रिणीला बोलवायला गेले.

ती आली. तिने लेकराकडे बघितलं, मग जीपजवळ उभ्या असलेल्या धाकट्याकडे. "देते," ती म्हणाली. "पण आधी ह्यांनी सुई टोचून घ्यायची. तपासाला. आन् बायकोनंबी. न्हाईतर मी चालले."

"त्याला चक्कर येती," आत्या म्हणाली.

"येऊ द्या. मी धरते."

दवाखान्यात धाकटा खुर्चीत बसला, डोळे मिटून, दंड पुढे करून. मैत्रिणीने खरोखर त्याचा खांदा धरला. ज्यांच्या विरोधात त्याने रस्ते अडवले, त्यांच्यातल्या एका बाईने धरलं तेव्हा तो खुर्चीत टिकला. त्याने अंग चोरलं, पण हात झटकला नाही. झटकायची ताकद नव्हती.

मग तिचं रक्त काढलं, जुळवलं, लेकराला लावलं. आत्या खाटेजवळ उभी राहून बाटलीकडे बघत होती. शेवटी तिने नर्सला हळूच विचारलं, "ह्याच्यावर देणाऱ्याचं नाव लिवत्यात का?"

"नाही आजी. फक्त गट लिहितो."

आत्याचा श्वास सुटला. तो मी ऐकला आणि मैत्रिणीनेही ऐकला. ती दंडावर कापूस दाबून बसली होती, ती तशीच उठली. "लिवा सिस्टर. माझं नाव लिवा, आडनावासकट. मोठ्या अक्षरात." नर्स गोंधळली. मग मीच चिकटपट्टीचा एक तुकडा घेतला, त्यावर पूर्ण नाव लिहिलं आणि बाटलीवर लावलं. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने धाकट्याकडे बघितलं, धाकटा जमिनीकडे बघत होता. म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं.

बाटली अर्धी झाली. लेकराच्या नखांवर रंग चढायला लागला. आत्या माझ्याजवळ सरकली. "पुढल्या महिन्यात येईल ना गं ती?"

"मला काय विचारतीस? तिलाच विचार. नाव कळलंय तुला आता. हाक मार."

मैत्रीण दारात पाठमोरी उभी होती, चहा पीत. आत्याने पदर नीट केला, दोनदा घसा साफ केला. मग भिंतीकडे बघत, तोंडातल्या तोंडात, तिने तिला नावाने हाक मारली.

मैत्रिणीने मागे वळून बघितलं नाही.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."